मदत हवी आहे: दुकानाच्या नावाची खोटी साइट, एक पाडली की दुसरी उगवते

मंडळी, लालबागला आत्याचं मसाल्याचं दुकान आहे. डॉट इन घेऊन साइट मीच करून दिली, त्यामुळे आता बोलणीही मलाच. ऐन मिरच्यांच्या हंगामात ठाण्याच्या एक बाई दुकानात येऊन उभ्या: "तीन किलोचे पैसे भरलेत, मसाला कुठाय?" त्यांनी मोबाइलवर दाखवलेली साइट आमची नव्हतीच. नाव तेच, मध्ये एक आडवी रेघ, शेवटी डॉट शॉप. फोटो आमचे, आत्याच्या हातातल्या बांगड्यांसकट. पत्त्याशेजारी कुलूपही होतं! (ते फुकटात मिळतं, पण त्या बाईंना हे कोण सांगणार?)

त्यांना लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायला लावला. हूइजमध्ये (साइटचं नाव कुणी घेतलं याची नोंदवही) मालकाच्या जागी 'गोपनीय'. २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहिती जपण्याचा कायदा आला तेव्हापासून बहुतेक ठिकाणी हेच. रजिस्ट्रार (साइटचं नाव विकणारी कंपनी) म्हणतो, मजकुराचा प्रश्न आहे, होस्टिंगवाल्याला (ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे त्याला) विचारा. त्याने आठ दिवसांनी साइट पाडली, तर पुढच्याच आठवड्यात तीच पानं डॉट टॉपवर हजर.

रजिस्ट्रारला नावच बंद करायला कसं लावायचं? वायपोकडे (साइटच्या नावांचे तंटेही सोडवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) जायचं तर एका पंचाचेच १,५०० डॉलर, शिवाय आत्याचा ट्रेडमार्क नाही. मिळतीजुळती नावं आपणच घेऊन ठेवा, हा सल्ला कृपया नको. डॉट शॉप, डॉट टॉपसारख्या शेपट्या हजारावर आहेत.

गिरगावकर: मेलमध्ये काय लिहिलं होतंत?

धागाकर्ता: फोटो चोरले, गिऱ्हाईक फसवलं.

गिरगावकर: तिथेच घोळ झाला. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या (जगभरच्या साइटनावांची व्यवस्था पाहणारी संस्था) करारानुसार रजिस्ट्रारला गैरवापरावर कारवाई करावीच लागते. पण त्या व्याख्येत फिशिंग (खोट्या पानावर गुप्त माहिती काढून घेणं), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (परस्पर ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं), फार्मिंग (शेती नव्हे, खरा पत्ता टाकला तरी खोट्या साइटवर नेणं) आणि यांचं वाहन बनलेला स्पॅम, एवढंच येतं. चोरलेला फोटो नि न आलेला मसाला त्यात बसत नाही. पैसे भरायच्या पानावर कार्डाचा नंबर मागतात का?

धागाकर्ता: मागतात. ओटीपीसुद्धा.

गिरगावकर: मग विषयातच 'फिशिंग' लिहा. पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, खऱ्या साइटचा दुवा जोडा. दाद दिली नाही तर आयकॅनकडे तक्रार. आणि त्या कुलपासाठी जे सर्टिफिकेट लागतं, त्याच्या सार्वजनिक नोंदींत दुकानाचं नाव शोधत राहा. नवी साइट गिऱ्हाइकाआधी तिथे दिसू शकते.

धागाकर्ता: आत्ताच शोधलं. आणखी दोन निघाली. एकात लालबागचं स्पेलिंगही धड नाही.