पहिलं पीएचपी, पहिला डेटाबेस : तुमची कशी वाट लागली होती?

परवा भाच्याचा फोन. "मामा, फाइलवर डबल क्लिक केलं तर नुसता कोडच दिसतोय. पान कुठंय?" मी थेट २००६ सालच्या हॉस्टेलच्या खोलीत. तेव्हा मीही अगदी हेच केलं होतं. दोन रात्री गेल्या. शेवटी वरच्या खोलीतल्या सीनियरने खांद्यावरून वाकून पाहिलं. "अरे शहाण्या, वर पत्ता सी ड्राइव्हचा आहे. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा, ब्राउझरला कळत नाही. अपाचेने, म्हणजे वेब सर्व्हरने, ते चालवून तयार पानाचं एचटीएमएल हातात द्यायला हवं. अपाचेच्या एचटीडॉक्स फोल्डरात टाक फाइल आणि पत्त्यात लोकलहोस्ट, म्हणजे आपलंच मशीन, लिही."

तुमचीही सुरुवात लिहा. चुका आधी, हॅलो वर्ल्ड सगळ्यांचंच चालतं.

मांडवीकर :
२०१३. गोव्यातल्या एका क्लासचा प्रवेशाचा फॉर्म. घरच्या मशीनवर मस्त चालला, होस्टिंगवर चढवला आणि पहिल्याच दिवशी सिंटॅक्स एरर. नाव होतं डिसोझा. इंग्रजीत लिहिताना डी, मग अपॉस्ट्रॉफी, मग सोझा. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, नाव एकेरी अवतरणात, त्यामुळे डी नंतर मायएसक्यूएल डेटाबेसला वाटलं, नाव संपलं. घरी पीएचपी ५.३ होतं, त्यातलं मॅजिक कोट्स अपॉस्ट्रॉफीआधी गुपचूप बॅकस्लॅश घालून मला सांभाळत होतं. होस्टिंगवर ५.४, आणि त्यात ते काढूनच टाकलेलं.

मी काय करावं? नावातली अपॉस्ट्रॉफीच उडवली! आठवड्याभरात एक आई ओळखपत्र घेऊन हजर, "आमचं आडनाव असं नाही लिहीत." गोव्यात हा धंदा करायचा आणि डिसोझा, डिमेलो, डिसा चालत नाहीत म्हणायचं, म्हणजे झालंच.

त्यातून डोक्यात आलं, नावाने क्वेरी मोडते तर लॉगिनच्या खोक्यात काय होईल? युजरनेममध्ये अपॉस्ट्रॉफी, पुढे 'ऑर एक बरोबर एक' (ही अट कायम खरी), शेवटी हॅश (त्यापुढची क्वेरी बाद). पासवर्ड रिकामा. आत! रात्रभर बसून सगळ्या क्वेऱ्या पीडीओच्या (पीएचपीची डेटाबेस जोडणी) प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये हलवल्या, तिथे खोक्यातला मजकूर हुकमाचा भाग धरला जात नाही.

दुपारचा चहा :
आमचं मायक्रोसॉफ्टचं एएसपी आणि ॲक्सेस डेटाबेस. वाचायला सगळं छान, लिहायला गेलं की 'अपडेटेबल क्वेरी' वापरा म्हणून ओरडायचं. क्वेरीत काहीच चूक नव्हती, ज्या फोल्डरात ॲक्सेसची एमडीबी फाइल होती तिथे आयआयएसच्या (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) युजरला लिहायची परवानगी नव्हती. एवढंच.

शाईचा डाग :
गावच्या वाचनालयाची सूची. मी आणि बहीण, बाराशे पुस्तकं, तीन रविवार. ती नावं वाचून दाखवायची, मी टंकायचो. तिसऱ्या रविवारी यादी उघडली तर प्रत्येक पुस्तकाचं नाव प्रश्नचिन्हं. टेबल लॅटिन१, म्हणजे देवनागरी न मावणारी अक्षरांची पद्धत. मायएसक्यूएल ८ यायच्या आधी तोच डीफॉल्ट असायचा. टेबल देवनागरी मावणारं यूटीएफ८ केलं, नवीन नोंद टाकली, पुन्हा प्रश्नचिन्हं! कारण कनेक्शन अजून लॅटिन१च बोलत होतं, ते वेगळं सांगावं लागतं. आणि एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेलं अक्षर परत येत नाही, मूळ गेलेलंच असतं. तीन रविवार पाण्यात. बहीण अजून ऐकवते.

मांडवीकर :
मग पुन्हा टंकलं?

शाईचा डाग :
तिने टंकलं. मी वाचून दाखवलं.

नवशिका_कायमचा :
एका ग्राहकाचा फोन नंबर बदलायचा होता. पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरातून डेटाबेस हाताळायचं साधन) अपडेट लिहिलं, वेअर, म्हणजे कुठली ओळ बदलायची ते, लिहायचं राहिलं. "८१४ रो अफेक्टेड." सगळ्यांचा एकच नंबर. बॅकअप मागच्या महिन्याचा. तेव्हापासून आधी त्याच वेअरने सिलेक्ट करून पाहतो, किती ओळी येतात ते बघतो, मगच हात लावतो.

धागाकर्ता :
वाचनालयवाल्या बहिणीला माझा नमस्कार कळवा.

इकडची खबर : लोकलहोस्टवर भाच्याचं पान उघडलं. लगेच दुसरा फोन, "मामा, डेटाबेसला जोडताना अनडिफाइन्ड फंक्शन म्हणतंय." मी मारे रुबाबात विचारलं, कुठल्या भंगार ट्युटोरियलवरून उतरवलंस? जुनी मायएसक्यूएल_ वाली फंक्शनं २०१५ मध्ये पीएचपी ७ ने काढून टाकली, आता मायएसक्यूएलआय नाहीतर पीडीओ.

"तुझ्याच वहीतून, मामा. आजीने माळ्यावरून काढून दिली."