मदत हवी आहे: मैत्रिणीच्या साखळी विपणनाच्या पोस्ट आणि माझी अडचण

निळी शाई:
नमस्कार. मला लवकरात लवकर सल्ला हवा आहे, कारण रविवारच्या आत काहीतरी ठरवावे लागणार आहे. माझी महाविद्यालयापासूनची अगदी जवळची मैत्रीण गेले दीड वर्ष साखळी विपणनाच्या (माल विकायचा आणि आपल्या खाली नवे विक्रेते जोडून त्यांच्या खरेदीवरही कमिशन मिळवायचे, अशा पद्धतीच्या) एका कंपनीत आहे. व्हॉट्सॲपवर तिच्या छायाचित्राभोवतीचे हिरवे वर्तुळ स्टेटसच्या इतक्या तुकड्यांनी भरलेले असते की ती रेघ राहत नाही, नुसते ठिपके दिसतात. सकाळी सुविचार, मग धनादेशाचे अर्धे झाकलेले छायाचित्र, मग कोणाच्या तरी मोटारीचे स्टिअरिंग, मग "घरबसल्या उत्पन्न हवे असेल तर मला हो असा मेसेज करा", आणि रात्री मीटिंगची लिंक, असा क्रम रोज चालतो. मागच्या आठवड्यात तिचा मला निरोप आला. त्याची सुरुवात "प्रिय (नाव), खूप दिवसांत आपले बोलणे झाले नाही" अशी होती. कंसात माझे नाव घालायचे राहून गेले होते. तो निरोप मी तीनदा वाचला आणि राग येण्याऐवजी मला रडू आले.

तिच्या एका पोस्टखाली मी "खर्च वजा जाता हातात किती उरते?" असे विचारले होते. तासाभरात माझा प्रश्न काढून टाकला गेला आणि दुसऱ्या दिवशी "नकारात्मक माणसांपासून दूर राहा" असे स्टेटस आले. मला मैत्री तोडायची नाही. हे थांबवायचे कसे, एवढेच कृपया सांगा.

हिशेबनीस:
तिला आकडे दाखवा. प्रत्येकाने फक्त 6 जण जोडायचे असे धरले, तर पहिल्या पातळीवर 6, दुसरीवर 36, तिसरीवर 216 माणसे लागतात आणि तेराव्या पातळीवर 1306 कोटींहून अधिक लागतात. जगाची आजची लोकसंख्या सुमारे 800 कोटी आहे. साखळी कुठेही थांबली, तरी सर्वांत खालच्या पातळीवरच्या माणसांची संख्या वरच्या सगळ्यांच्या बेरजेच्या सुमारे पाचपट असते, आणि त्या माणसांच्या खाली कोणीच नसते. म्हणजे बहुसंख्यांचे नुकसान त्यांच्या आळसामुळे होत नाही, ते रचनेतच आहे. हे गणित एका कागदावर मावते. तो कागद तिच्यापुढे ठेवा.

अंतरा:
हिशेबनीस, गणित बरोबर आहे, पण विचारणाऱ्यांची अडचण गणिताची नाही असे मला वाटते. निळी शाई, तुम्ही काही गोष्टी लिहिलेल्या नाहीत. रविवारी नेमके काय आहे? तिने तुम्हाला सामील व्हायला सांगितले आहे का? तिने नोकरी सोडली आहे का? आणि तुम्ही तिच्याकडून आजवर काही विकत घेतले आहे का? या उत्तरांशिवाय कोणताही सल्ला अंधारात दिल्यासारखा होईल.

पायवाट:
एवढा विचार कशाला करायचा? तिचे स्टेटस दाबून धरा, ते म्यूट करण्याचा पर्याय येतो. तिला ते कळत नाही. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल हेही ठरवता येते, तिथे तिचे नाव वगळा. दुसरे म्हणजे, अशा मजकुराबद्दल तक्रार करता येते. टिकटॉकने डिसेंबर 2020 मध्ये आपल्या नियमावलीतच साखळी विपणनाच्या मजकुराला मनाई केली. फेसबुकच्या जाहिरातविषयक नियमांनाही अशा उत्पन्नाच्या संधींच्या जाहिराती चालत नाहीत. दोन-चार तक्रारी गेल्या की पोस्ट आपोआप कमी होतील.

निळी शाई:
पायवाट, म्यूट कसे करायचे हे मी विचारलेले नाही, आणि मैत्रिणीविरुद्ध तक्रार तर मी मुळीच करणार नाही. अंतरा, तिने नोकरी सोडलेली नाही, मात्र सोडण्याची भाषा ती करू लागली आहे. रविवारी त्यांचा मोठा कार्यक्रम आहे. तिची रँक वाढल्यामुळे तिला व्यासपीठावर बोलावणार आहेत आणि त्यानंतर ती आपल्या टीमची छायाचित्रे सगळीकडे टाकणार आहे. म्हणूनच मला घाई आहे.

स्वावलंबी:
इथली चर्चा एकतर्फी चालली आहे, म्हणून लिहिते. मी नऊ वर्षे थेट विक्री करते आहे आणि त्यातून माझ्या घराला हातभार लागला आहे. प्रत्येक कंपनी फसवी नसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचे हित पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 1979 मध्ये ॲमवेच्या खटल्यात ती कंपनी पिरॅमिड, म्हणजे नवी माणसे जोडण्यावरच चालणारी बेकायदा साखळी, नसल्याचाच निर्णय दिला होता. तुमची मैत्रीण कष्ट करते आहे, अनोळखी लोकांसमोर उभे राहून बोलायला शिकली आहे. एखादीने किराणा मालाचे दुकान काढले असते तर तिच्या जाहिरातींचा तुम्हाला असा त्रास झाला असता का? मैत्रीण म्हणून तुम्ही तिच्या पाठीशी उभे राहायला हवे.

हिशेबनीस:
तो निर्णय पूर्ण वाचायला हवा. ती कंपनी पिरॅमिड नाही असे ठरले, ते तिच्या काही नियमांमुळे. विक्रेत्याकडचा न विकला गेलेला माल परत घेणे, बोनस मिळण्यासाठी त्या महिन्यात घेतलेल्या मालापैकी किमान 70 टक्के माल विकलेला असणे आणि दरमहा 10 ग्राहकांना प्रत्यक्ष विक्री केलेली असणे, असे ते नियम होते. त्याच निर्णयात उत्पन्नाबद्दलचे फुगवलेले दावे करायला त्या कंपनीला मनाईही केली होती. कॉस्कॉट या सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपनीच्या 1975 च्या खटल्यापासून कसोटी हीच आहे: मोबदला माल खऱ्या ग्राहकापर्यंत पोहोचल्याबद्दल मिळतो, की नवा माणूस जोडल्याबद्दल? दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाला "तूही शेजारी असेच दुकान काढ" असे सांगत नाही. निळी शाई यांच्या मैत्रिणीला साखळीच्या बाहेरचे किती ग्राहक आहेत, हे कोणी विचारले आहे का?

स्वावलंबी:
माझे बाहेरचे ग्राहक आहेत आणि मी त्यांना पावती देते. सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही.

हिशेबनीस:
तुमच्याबद्दल मी काहीच म्हटलेले नाही. सर्वसाधारण चित्र मात्र कंपन्यांच्या स्वतःच्या कागदांतून दिसते. त्याच कमिशनने 2024 मध्ये 70 कंपन्यांची उत्पन्नविषयक निवेदने तपासली. त्यांपैकी बहुतेक निवेदनांनुसार बहुसंख्य सभासदांचे वर्षाचे उत्पन्न 1000 डॉलर किंवा त्याहूनही कमी होते, आणि त्यांतून सभासदांचा खर्च सहसा वजाही केलेला नव्हता.

माजी अपलाइन:
मी साडेतीन वर्षे अशा एका कंपनीत होतो आणि माझ्या खाली चाळीसच्या आसपास आयडी, म्हणजे सभासदांच्या नोंदी, होत्या; त्या सगळ्यांचा मी अपलाइन, म्हणजे साखळीतला वरचा माणूस. हिशेबनीस यांचा कागद मलाही दोघांनी दाखवला होता. त्या दिवसांत त्याचा माझ्यावर काहीही परिणाम झाला नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मला आधीच पाठ करून दिलेले होते.

त्या स्टेटसमागे काय असते हे सांगतो, म्हणजे मैत्रिणीबद्दलचा तुमचा राग थोडा कमी होईल. पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या शंभर माणसांची यादी काढायला लावतात. त्यानंतर निरोपांचे नमुने येतात, कंस असलेले. रोज किती स्टेटस ठेवायचे हे वरून ठरते आणि संध्याकाळी त्याचे स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपमध्ये टाकावे लागतात. धनादेशाचे छायाचित्र अनेकदा स्वतःचे नसते, मोटारही नसते. तुम्ही पोस्टखाली प्रश्न विचारलात तेव्हा तो तिने त्या ग्रुपमध्ये दाखवला असणार आणि "अभिनंदन, तुझी पहिली नकारात्मक व्यक्ती भेटली" असे उत्तर तिला मिळाले असणार. आम्ही असेच लिहीत असू. म्हणून चारचौघांत विचारलेला प्रश्न तिला बाहेर काढत नाही, आणखी आत ढकलतो.

मला कशाने बाहेर काढले ते सांगतो. पलंगाखाली खोकी होती. एका रविवारी पत्नीने ती ओढून बाहेर काढली आणि काही न बोलता एकेका डब्याच्या तळाशी छापलेली मुदतीची तारीख मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी शेजारी बसून वहीत लिहीत गेलो. अकरा डब्यांची मुदत उलटून गेली होती. तोपर्यंत मी फक्त आलेल्या रकमा मोजत होतो. प्रवास, मीटिंगची तिकिटे आणि आयडी चालू राहावी म्हणून महिनाअखेरीस स्वतःच घेतलेला माल, हे कधी मांडलेच नव्हते. माझे ठाम मत आहे की तिला वही द्या आणि तिचे आकडे तिलाच लिहू द्या. दुसऱ्याने आणलेल्या आकड्यांचा उपयोग होत नाही.

अंतरा:
फार मोलाचे लिहिलेत. पण निळी शाई, माझा एक प्रश्न तसाच राहिला आहे. रविवारी ती टीमची छायाचित्रे टाकणार आहे, त्याची घाई तुम्हाला का आहे? तुम्ही तिच्याकडून काही घेतले आहे का?

निळी शाई:
हो. हे आधीच लिहायला हवे होते, पण मला ते महत्त्वाचे वाटले नाही, किंवा लिहायला संकोच वाटला. गेल्या वर्षी तिला महिन्याचे पॉइंट कमी पडत होते. "तुला काहीच करायचे नाही, फक्त तुझ्या नावाने आयडी लावू दे" असे ती म्हणाली आणि मी मैत्रीखातर होकार दिला. पहिल्या मालाचे पैसे मी भरले. त्यानंतर दोनदा तिने मागितले म्हणून घेतले. दोन खोकी न उघडता कपाटावर पडून आहेत. रविवारच्या पोस्टमध्ये माझे छायाचित्र टीममधील यशस्वी सदस्य म्हणून येणार आहे, तसे तिने परवाच कळवले. आमच्या सगळ्या जुन्या मैत्रिणी ते पाहणार आहेत आणि त्यांच्यापैकी दोघींनी मला आधीच विचारले आहे, "तू आहेस म्हणजे खात्रीचेच असेल ना?"

माजी अपलाइन:
ताई, मग हा प्रश्न तिच्या पोस्टचा राहिला नाही, तुमच्या नावाचा झाला. तिच्या रँकमध्ये तुमची आयडी मोजली जाते आहे. हिशेबनीस मघाशी बाहेरच्या ग्राहकांबद्दल विचारत होते, त्याचे उत्तरही यातच आहे: तिचे ग्राहक म्हणजे तुमच्यासारख्या मैत्रिणी, ज्यांना माल नको होता, पण तिला नाही म्हणवले नाही.

आयडी बंद करा. त्यासाठी कंपनीला लेखी ईमेल पाठवा, फोनवर बोलून थांबू नका. दरमहा आपोआप मागणी नोंदवण्याची सोय चालू असेल तर ती स्वतः बंद करा आणि बँकेत किंवा कार्डावर दिलेली कायमची परवानगीही काढून घ्या. नियमावलीत माल परत घेण्याची मुदत आणि अटी दिलेल्या असतात, त्या वाचा. पण कंपनीला कळवण्यापूर्वी मैत्रिणीला सांगा. तुमची आयडी बंद झालेली तिला पडद्यावर दिसेल, आणि ते तुमच्या तोंडून कळण्याआधी पडद्यावर दिसले तर ती जखम भरणार नाही. माझ्या भावाने माझ्याशी तसेच केले होते. आम्हाला पुन्हा बोलू लागायला दोन वर्षे लागली.

निरोप असा लिहा: "मी माझी आयडी बंद करते आहे. माझे छायाचित्र आणि नाव कोणत्याही पोस्टमध्ये नको. यात तुझ्यावर राग नाही. भेटायला, बोलायला मी कधीही आहे, फक्त या विषयावर नाही."

स्वावलंबी:
कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी असे करणे निष्ठुरपणाचे आहे. रविवार होऊ द्या, मग सांगा. तिची रँक जाईल.

अंतरा:
स्वावलंबी, रविवारनंतर त्या दोघी मैत्रिणीही आयडी लावून बसलेल्या असतील, आणि त्याला निळी शाई यांचे छायाचित्र कारणीभूत असेल. थांबणे योग्य नाही. माजी अपलाइन यांच्याशी माझा मतभेद एवढाच आहे की हे लिहून पाठवू नये. निरोपाचा स्क्रीनशॉट निघतो आणि टीमच्या ग्रुपमध्ये जातो, हे त्यांनीच सांगितले आहे. फोन करा किंवा घरी जा. शेवटची ओळही मला पटत नाही. ती उद्या दमून, कर्ज करून तुमच्याकडे आली, तर तिला नेमक्या याच विषयावर बोलायचे असेल. ते दार बंद करू नका.

माजी अपलाइन:
शेवटच्या ओळीबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. ती काढा. परंतु आधी बोला आणि नंतर लेखीही कळवा, कारण छायाचित्राला नकार दिल्याची नोंद असावी.

पायवाट:
छायाचित्र तरीही टाकले आणि टॅग केले, तर टॅग स्वतःचा स्वतः काढता येतो. शिवाय टॅग आधी आपल्याला दाखवून मगच आपल्या पानावर येईल, अशीही सोय असते. ती आजच चालू करून ठेवा.

निळी शाई:
पायवाट, याचा उपयोग झाला, धन्यवाद. काल संध्याकाळी तिच्या घरी गेले. मी बोलत असताना तिचा फोन टेबलावर सारखा उजळत होता आणि ती तो पालथा करून ठेवत होती. मी आयडी बंद करते आहे म्हटल्यावर तिने पहिल्यांदा विचारले, "या महिन्यापुरती ठेवशील का?" मी नाही म्हणाले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की तिच्या वरच्या बाईंना हे कसे सांगायचे ते तिला कळत नाही. रागावली नाही, पण मला दारापर्यंत सोडायला आली नाही, असे वीस वर्षांत झालेले नाही. वही मी नेली होती, ती काढलीच नाही. आज तिचे स्टेटस नेहमीसारखेच आहेत. माझे छायाचित्र मात्र त्यांत नाही. त्या दोघी मैत्रिणींना मी खरे काय ते सांगितले.

कपाटावरची दोन खोकी मी तिच्याकडे द्यायची की कंपनीकडे पाठवायची?

माजी अपलाइन:
कंपनीकडेच पाठवा. तिच्याकडे दिलीत तर ती स्वतःच्या पैशांनी ती अंगावर घेईल. खोकी उघडू नका, चारही बाजूंनी छायाचित्रे काढा, मुदतीची तारीख दिसू द्या आणि पाठवल्याची पावती जपून ठेवा. वही तुमच्याकडेच असू द्या. पुढच्या वेळी तिच्या घरी जाल तेव्हा सोबत न्या.