गिरणीच्या पिठाचा ब्रेड मध्ये बसतो, खाली गिच्च राहतो. आणि घरी करणं परवडतं का?

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. दुकानातल्या 'ब्राउन' ब्रेडच्या पाकिटावर घटकांत पहिलं नाव बहुतेक वेळा मैद्याचंच असतं आणि रंगासाठी कॅरॅमल. घरी चार माणसं, आठवड्याला दोन मोठे ब्रेड लागतात, म्हणून निव्वळ गव्हाचा घरीच करायचा आहे. मैदा अजिबात नको.

गहू लोकवन, गिरणीतून दळून आणलेला. सध्याचं प्रमाण: पीठ ५०० ग्रॅम, पाणी २७५ मिली, इन्स्टंट यीस्ट २ टीस्पून, मीठ १ टीस्पून, साखर आणि तेल प्रत्येकी २ टेबलस्पून. पोळीच्या कणकेसारखं मळून दीड तास झाकून ठेवतो, टिनमध्ये घालून आणखी अर्धा तास, मग ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० ला ३५ मिनिटं. फुगतो छान, पण भाजताना मध्येच बसतो. तळाशी बोटभर गिच्च थर राहतो आणि दुसऱ्या दिवशी सुरी लावली की नुसता चुरा. नक्की कुठे बिनसतंय? वीज धरून हे परवडतं का, की सरळ कुकरमध्ये करावा?

जात्यावरची:
तीन वेगळी दुखणी आहेत, एकेक घेऊ.

चुरा होतो तो पाण्याच्या कंजूषपणामुळे. ५०० ला २७५ म्हणजे ५५ टक्के. एवढं पाणी मैद्यालाही कमीच. चक्कीत दळताना स्टार्चचे बरेच कण फुटतात, आणि फुटलेला कण जास्त पाणी पितो. शिवाय कोंडा पाणी ओढतो, पण सावकाश. म्हणून मळताना बरोबर वाटलेली कणीक तासाभराने दगड होते. गव्हाच्या पिठाला ७५ टक्के पाण्यापासून सुरुवात करा. पीठ जुनं आणि कोरडं असेल तर ८० पर्यंत जाईल.

एका ब्रेडचं प्रमाण असं: पीठ ४०० ग्रॅम, पाणी ३०० मिली, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (सव्वा टीस्पूनच्या किंचित वर), गूळ किंवा साखर १५ ग्रॅम, तेल २० ग्रॅम. वजनकाटा घ्याच. वाटीने मोजलेलं पीठ दाबून भरलं की हलकं, यावर पन्नास ग्रॅम सहज इकडेतिकडे होतं आणि मग पाण्याचं गणित कोलमडतं.

आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा. या वेळात कोंडा भिजतो. कोरड्या कोंड्याच्या कडा ग्लुटेनचे (कणकेला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे) तंतू कापतात, भिजला की मऊ पडतो. मग यीस्ट, मीठ, गूळ घालून मळा, तेल सगळ्यात शेवटी. पहिली पाच मिनिटं कणीक हाताला, परातीला सगळीकडे चिकटेल. इथेच बहुतेक जण वरून पीठ भुरभुरतात आणि ब्रेडची वीट करतात. पीठ नाही, हात ओला करा. परातीच्या कडेला कणीक आपटून दुमडत राहा. दहा-बारा मिनिटांनी परात आपोआप सुटायला लागते. लिंबाएवढा गोळा बोटांवर ताणून बघा: उजेडाकडे धरल्यावर पातळ पडदा दिसला, त्यात कोंड्याचे ठिपके दिसले की झालं. मैद्यासारखा काचेगत पडदा गव्हाच्या पिठात येत नाही, त्याची वाट बघू नका.

मध्ये बसतो कारण जास्त फुगवता. घड्याळ लावू नका. गव्हाची कणीक दुप्पट होईपर्यंत थांबलं तर ग्लुटेनची जाळी अशक्त होते. पावणेदोन पट पुरे. मग हलक्या हाताने हवा काढा, चौकोनी थापा, घट्ट वळकटी करा, जोड खाली ठेवून तेल लावलेल्या टिनमध्ये. कडेच्या अर्धा इंच वर आली की ओटीजीत. खात्री हवी तर ओल्या बोटाने हलकं दाबा. खड्डा झटकन भरला तर थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर लगेच भाजा, अजिबात भरला नाही तर उशीर झाला. अशा वेळी ती तशीच भाजू नका. कणीक काढून पुन्हा वळा आणि पुन्हा फुगवा. दुसऱ्यांदा निम्म्या वेळात वर येते.

गिच्च थराची कारणं दोन: भाजणी कमी आणि घाई. दोन्ही कॉइल लावून २०० ला १० मिनिटं, नंतर १८० ला २५ ते ३०. जाळी अशी लावा की टिनचा मध्य ओटीजीच्या मध्यावर येईल. वरून लवकर रंग आला तर फॉइल झाका, पण बाहेर काढू नका. बाहेर आल्यावर पाच मिनिटांत टिनमधून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर वाफ तळाशी अडकून साल ओली होते. तळ टिचकीने पोकळ वाजला पाहिजे. कापायचा दोन तासांनी. गरम ब्रेड कापला तर पूर्ण भाजलेलाही आत चिकटच दिसतो.

टिनचं मापही बघा. त्यात काठोकाठ पाणी भरून मोजा, जितके मिली येतील त्याला साडेतीनने भागा, तेवढं पीठ त्या टिनचं. साडेआठ बाय साडेचार इंची टिन साधारण १४०० मिलीचा, म्हणजे ४०० ग्रॅम. तुम्ही ५०० घालत असाल तर त्या मापात तो वर येऊन ढासळणारच. टिन नॉनस्टिक नको, भांडी बाजारात साधा अॅल्युमिनियमचा बघा. त्यात उष्णता सगळीकडे सारखी पसरते.

पारा_खाली:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त 'घड्याळ लावू नका' याच्या मागचं कारण नाशिककरांसाठी लिहितो. जवळच्या निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत शहरातही पहाटे ओट्यावरचं पीठ १५ अंशांच्या आसपास असतं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तेच ३३-३५. एकच कृती दोन्ही दिवशी चालेल कशी?

मळून झालेली कणीक २६ अंशांच्या आसपास हवी. सूत्र सोपं आहे: २६ गुणिले ३, म्हणजे ७८, त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करा, उरलं ते पाण्याचं. जानेवारीत दोन्ही १५ असतील तर पाणी ४८ अंशांचं. मेमध्ये खोली ३५ आणि पीठ ३३ तर पाणी १० अंशांचं, म्हणजे सरळ फ्रिजचं. हाताने मळताना घर्षणाने येणारी गरमी किरकोळ, ती सोडून द्या. मशीनने मळत असाल तर पाणी आणखी थोडं गार घ्या.

४८ अंशांचं पाणी इन्स्टंट यीस्टवर थेट ओतू नका, पिठात गेलं की ते लगेच निवतं. जाडे दाणे असलेलं अॅक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ते वेगळं ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर यीस्ट गेलंय, पीठ वाया घालवू नका. ५५ च्या पुढे यीस्ट मरायला लागतं. थर्मामीटर नसेल तर एक भाग उकळतं आणि दोन भाग माठातलं पाणी मिसळा, थंडीत ते ४५ च्या आसपास येतं.

हिवाळ्यात कणीक बंद ओटीजीत ठेवा आणि शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं. उन्हाळ्यात यीस्ट ३ ग्रॅमवर आणा.

इंदिरानगरकर:
खूपच उपयोगी, दोघांचेही आभार. गहू दळताना गिरणीवाल्याला काही सांगायचं का? कोंडा चाळून घ्यावा का? आणि घरात चक्क्याचं पाणी आणि नागलीचं पीठ नेहमी असतं, ते यात चालेल का?

जात्यावरची:
'बारीक दळा, ज्वारी-बाजरीनंतर लगेच नको' एवढं सांगा. आधीच्या दळणाचं पीठ चक्कीत राहतं, त्यात ग्लुटेन नसतं. आणल्यावर पीठ गरम असेल तर परातीत पसरून निववा, मगच डब्यात भरा.

कोंडा फेकण्यासाठी चाळू नका. वेगळी युक्ती करा: मैद्याच्या चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा वाटीत घ्या, ३०० मिलीपैकी ६० मिली पाणी उकळून त्यावर ओता, अर्धा तास ठेवा. मळून कणकेला ताण आला की मग हा भिजलेला कोंडा मिसळा. ग्लुटेन आधी तयार झालेलं असतं, त्यामुळे ब्रेड स्पष्ट उंच येतो. कोंड्याचा मांडा म्हणतात तसाच प्रकार, इथे मात्र फायदा खरा.

चक्क्याचं पाणी निम्मं, साधं निम्मं. सगळंच आंबट घेतलं तर कणीक सैल पडून फाटते. नागली ४०० पैकी ६० ग्रॅमपर्यंत, आणि पाणी १५-२० मिली जास्त. याच्या पुढे गेलात तर चव चांगली लागेल, पण ब्रेड बसका होईल. खपली गहू ब्रेडला नको. त्याचं ग्लुटेन दुबळं असतं, त्याच्या पोळ्याच करा.

काटकसर_नव्हे_हिशोब:
आता पैशाचं बोलू. गहू ४० आणि दळणाचे ५ धरून पीठ ४५ रुपये किलो असेल तर ४०० ग्रॅमचे १८. तेल-गूळ ४, यीस्ट २ (मोठं पाकीट घेतलं तरच, चिमुकल्या डब्या चौपट महाग पडतात). साहित्य २४ रुपये.

ओटीजी १५०० वॅटचा, तापवायला १० आणि भाजायला ४० मिनिटं. कॉइल सतत चालू राहिली असती तर सव्वा युनिट झालं असतं. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद करतो म्हणून पाऊण ते एक युनिट पडतं. दर लावताना महावितरणच्या बिलाला एकूण युनिटने भागू नका. हे युनिट जादाचं आहे, ते तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्या दराने पडतं. १० रुपये धरले तर एका ब्रेडवर आठ-दहा रुपये वीज. दोन टिन एकदम लावले तर वीज जेमतेम थोडी वाढते आणि ब्रेडमागे पाचवर येते. म्हणजे साधारण ३० रुपयांत साडेसहाशे ग्रॅमचा, निव्वळ गव्हाचा ब्रेड. दोन टिनमध्ये दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर आतल्या बाजू कच्च्या राहतात. ब्रेड निघाल्यावर गरम ओटीजी तसाच बंद करू नका. शेंगदाणे एका थरात पसरून १५० ला पंधरा-वीस मिनिटं ठेवले की आठवड्याचं कूट होतं.

कुकरचा मोह नको, असं माझं मत. शिट्टी आणि रिंग काढून, तळात बोटभर मीठ, त्यावर स्टँड, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग बारीक आचेवर ४५-५० मिनिटं, असं जमतं. पण ५ लिटरच्या कुकरात ६ इंची गोल डबा, म्हणजे ३०० ग्रॅमचाच ब्रेड. वर रंग येत नाही, शेवटी तव्यावर उलटा करून भाजावा लागतो. आणि कोरडा तापवण्याला बऱ्याच कुकर कंपन्यांची मनाई असते, तळ वाकतो. ओटीजी नसेल तर जाड बुडाची जुनी कढई आणि घट्ट झाकण यात हाच प्रकार करा.

एक बोचरं सत्यही सांगतो: नाश्त्याला ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ याहून स्वस्त आणि पोटभरीचा ब्रेड कुठलाच नाही. आणि मिसळीसोबत लागतो तो लादीपाव बेकरीतूनच आणा, घरी त्याचं गणित बसत नाही. डब्यासाठी, सँडविचसाठी ब्रेड लागतोच असं असेल तर मात्र घरचा नक्की परवडतो.

त्र्यंबकरोड:
साठवणीबद्दल कुणी लिहिलं नाही. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. चार-पाच अंशांना स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा फ्रिजमध्ये तो लवकर शिळा लागतो. पूर्ण गार झाल्यावर काप करून दोन दिवसांचे बाहेर, बाकीचे पिशवीतली हवा काढून फ्रीजरमध्ये. लागतील तेवढे काप थेट तव्यावर. उघडलेलं यीस्टही घट्ट बरणीत फ्रीजरलाच.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. बुरशी दिसत नाही, पण ब्रेड आतून ओलसर, पिकून गेलेल्या खरबुजासारखा गोडसर वास आणि काप ताणला की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, असं झालं तर पूर्ण ब्रेड टाकून द्या. पिठातल्या बॅसिलस जंतूंचे बीजाणू भाजणीतही जिवंत राहतात आणि उबेत वाढतात. उपाय: एप्रिल ते ऑक्टोबर ४०० ग्रॅम पिठाला एक टीस्पून व्हिनेगर, ब्रेड गरम असताना पिशवीत भरणं बंद, आणि टिन, सुरी, पाट व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घेणं. चक्क्याचं आंबट पाणी वापरत असाल तर व्हिनेगर वेगळं नको.

नुसता कोरडा पडलेला ब्रेड मात्र टाकायचा नाही. कुस्करून ताकाचा हबका मारा, दहा मिनिटांनी कांदा, मिरची, कढीपत्त्याची फोडणी, दाण्याचं कूट, झाकण ठेवून एक वाफ. फोडणीची पोळी ताक ओढून घेते, ब्रेडचा मात्र लवकर लगदा होतो, म्हणून ताक चार काप ब्रेडला तीन टेबलस्पूनच.