पऱ्यावर छोटं टर्बाइन: कुणी केलंय का?

पऱ्याकाठचा
घर देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला. परड्यामागून पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो. गेल्या जुलैत लायनीवर ऐनाचं झाड पडलं आणि नऊ दिवस काळोख. आई म्हणाली, "पाणी एवढं बोंबलतंय, त्याला लावा की कामाला."
पारदर्शक नळीने लेव्हल काढली. बांधापासून घरापर्यंत 24 मीटर उतार, पाइप लागेल 130 मीटर. ऑगस्टात 200 लिटरचं पिंप 25 सेकंदांत भरलं, डिसेंबरात दोन मिनिटं लागली. मार्चात ठणठणाट. घरची लाइट आणि खालच्या पोफळीचा दीड एचपी पंप चालेल का? जुना मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र असलेला) उलटा फिरवून वीज काढतात म्हणे.

निवृत्त वाइंडर
मापं घेऊन आलात, बरं वाटलं. इथे बहुतेक जण धबधब्याचा फोटो टाकून "किती वॅट?" विचारतात.
सेकंदाला 8 लिटर गुणिले 24 मीटर गुणिले 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा), म्हणजे साधारण 1,880 वॅट. घरगुती यंत्रात निम्मे हाती लागले तरी नशीब. डिसेंबरात 200 वॅटही अवघड. पाइप चार इंचीच घ्या. तीन इंचीत भर पावसातली चार-पाच मीटर उंची नुसती घासण्यात जाते.
मोनोब्लॉक उलटा चालतो, मोटरला कपॅसिटर लावले की वीजही देतो. पण पाणी कमी झालं की तो अगदीच ढेपाळतो. दोन नोझलचं पेल्टन, म्हणजे तोटीतली धार वाट्यांवर घेऊन फिरणारं चाक, बसवलंत तर हिवाळ्यात एक नोझल बंद करता येईल.
आणि पंपाचं डोक्यातून काढा. पाण्याची वीज, विजेवर पंप, पंपाने पुन्हा पाणी, हा द्राविडी प्राणायाम कशाला? चाकातून सुटलेलं पाणी संपत नाही. बाग खाली आहे ना? तेच पाटाने सोडा. डिसेंबरातसुद्धा तासाला 6,000 लिटर होतं.

सातपुड्यातली
आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बिलगावला 2003 साली गावकऱ्यांनी श्रमदान करून धबधब्यावर 15 किलोवॉटचं यंत्र उभं केलं होतं. 2006 मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात ते बुडालं. दादा, एक विचारते. पाणी पाटाने बागेत वळवलंत तर खालच्या वाडीला डिसेंबरनंतर काय उरेल?

पऱ्याकाठचा
खाली भावकीच आहे, म्हणजे जास्तच जपून विचारायला हवं! त्यांची वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती त्याच पाण्यावर. गणपतीत सगळे घरी येतात, तेव्हा विषय काढतो. काका, रात्री दिवे मालवले की चाकाचं काय?

निवृत्त वाइंडर
सुसाट सुटतं. व्होल्टेज चढतं आणि चालू राहिलेला एकुलता बल्ब उडतो. म्हणून लोड कंट्रोलर हवाच, तो जादा वीज हीटरला देतो. हीटर पिंपात बुडवा, आईंना आंघोळीचं पाणी तयार.
चेंजओव्हर स्विचशिवाय (तो घर एकतर लायनीला नाहीतर यंत्राला जोडतो, दोन्हींना एकदम नाही) मात्र घरच्या वायरिंगला हात लावू नका. लाइट गेलीय म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो, आणि तुमचं यंत्र तीच लाइन उलटी जिवंत करतं.

पऱ्याकाठचा
स्विच पहिला घेतो. हीटरचं ऐकून आई आत्ताच पिंप घासायला बसली आहे. यंत्राचा पत्ता नाही अजून.