मदत हवी आहे: वारसा यादीतल्या वाड्यात पत्र्याखालच्या खोल्यांचं ऊन कसं अडवावं?

नमस्कार मंडळी,

जुन्या वाड्याच्या छपराचं काम ज्यांनी केलंय किंवा करून घेतलंय, त्यांचा सल्ला हवा आहे. जरा लांब लिहितेय, कारण अर्धवट माहितीवर कुणालाच नीट सांगता येणार नाही.

पुण्यात नारायण पेठेत आमचा वाडा आहे, शंभर-सव्वाशे वर्षांचा. खाली दगड-विटांचं बांधकाम, वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यात विटा. तळमजल्यावर दुकान, मधल्या मजल्यावर जुने भाडेकरू, आणि सगळ्यात वर पत्र्याखालच्या तीन खोल्यांत माझी आत्या राहते. वय ७९. मे महिन्यात मी तिच्याकडे आठ दिवस होते, तेव्हा साधा भिंतीवरचा तापमापक नेला होता. दुपारी ३ वाजता बाहेर सावलीत ३९ अंश, मधल्या मजल्यावर ३३, आत्याच्या स्वयंपाकघरात ४२. रात्री ११ वाजता आत ३४. ती दुपारी जिन्याच्या वळणावर चटई टाकून पडते, कारण तिथे वारा लागतो. बघवत नाही. आमच्याकडे यायला ती तयार नाही, आणि या वयात तिला तिच्या घरातून उठवणं मलाही पटत नाही.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे, श्रेणी ३. आतल्या बदलांना या श्रेणीत बरीच मोकळीक असते, पण दर्शनी बाजू, छपराचा उतार आणि लाकडी सांगाडा यांना धक्का लागू नये हे आम्हालाही हवंच आहे.

तीन कंत्राटदार येऊन गेले. एकाने पत्र्याला आतून फोमचा फवारा मारायला सांगितलं, दुसऱ्याने जुने पत्रे काढून फोम भरलेले जाड पत्रे. तिसरा म्हणाला, ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) घालून खाली पीओपीचं सपाट छत करू, वरचं काही दिसणारच नाही. मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. फोम एकदा वाशांना चिकटला की सुटत नाही. मग पत्रा कुठे गळतोय, वाशात वाळवी शिरली आहे का, हे कळेपर्यंत लाकूड गेलेलं असेल. शिवाय फोम पेट घेतो, आणि खाली सगळं सागवान.

ही भीती उगाच नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात आमच्या तळमजल्याच्या भिंतींत पाणी शिरलं. नंतर चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला, भक्कम म्हणून. भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडेना. आजही तिथे लोणा (पांढरा क्षार) येतो, पोपडे सुटतात, आणि भिंतीत गाडलेल्या एका खांबाचा तळ कुजल्यामुळे बदलावा लागला. तीच चूक आता वरच्या मजल्यावर व्हायला नको.

आता मुख्य मुद्दा. त्या आठ दिवसांत वर बघत पडले असताना मला तुळयांच्या वरच्या अंगाला ठरावीक अंतरावर खाचा दिसल्या. आत्याला विचारलं तर म्हणाली, "अगं, तिथे माळा होता. कांदे-लसूण, गोवऱ्या, पापडांचे डबे सगळं वर असायचं." माझ्या आजोबांनी कौलं काढून पत्रे टाकले तेव्हा खोल्या उंच वाटाव्यात म्हणून माळाही काढला. म्हणजे राहत्या खोल्या आणि छप्पर यांच्यामध्ये हवेचा एक थर वाडा बांधणाऱ्यांनी मुळातच ठेवला होता, आणि तो आम्हीच काढून टाकला.

म्हणून मनात असं आहे: त्याच खाचांत कड्या (आडवी बारीक लाकडं) बसवून वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर काथ्याच्या जाड गाद्या नुसत्या अंथरायच्या, चिकटवायचं काहीच नाही. पाख्यांच्या, म्हणजे छपराच्या उतारांच्या, खालच्या कडेला आणि माथ्यावर आढ्याशी जाळी ठेवायची, म्हणजे पत्र्याखाली तापलेली हवा वरून निघून जाईल. पुढे कुणाला नको असेल तर सगळं उचलून नेता येईल.

प्रश्न असे. पावसाळ्यात काथ्या ओल धरून फळ्यांना बुरशी आणेल का? त्याऐवजी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) बरं, की ते भिजलं तर आणखी वाईट? थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि टपटपतो, त्याचं काय करावं? जाळी उंदीर-कबुतरं अडवेल इतकी बारीक केली तर वारा पुरेल का? आणि वारसा समितीकडे हे 'दुरुस्ती' म्हणून मांडायचं की 'बदल'? खाचांचे फोटो माझ्याकडे आहेत.

भर (दुसऱ्या दिवशी): उत्तरांबद्दल मनापासून आभार. पुन्हा मंगलोरी कौलं घाला असं दोघांनी सुचवलंय. आवडलं असतं, पण एक कौल अडीच-तीन किलोचं आणि चौरस मीटरला पंधराएक लागतात. पत्रे टाकताना वासे बारीक घातले होते, ते एवढं वजन पेलणार नाहीत. पत्र्याला वरून पांढरा रंग देण्याची सूचना मात्र पटली. वाड्याच्या आतल्या चौकाच्या बाजूचं पाखं रस्त्यावरून दिसत नाही, तिथे आधी करून बघते आणि तापमापकाचे आकडे इथेच लिहीन.

एसी का नाही, असंही विचारलंय. वरची वायरिंग जुनी, तुळयांवरून गेलेली आहे, आणि डोक्यावर तापलेला पत्रा तसाच राहिला तर एसी दिवसभर चालवावा लागेल.

काम दिवाळीनंतर धरायचं आहे, म्हणजे अर्ज त्याआधी जायला हवा. वाड्यांच्या कडीपाटाचं (कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या छताचं) काम अजून करणारे सुतार पुण्यात किंवा वाईकडे कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.