आर्टिफॅक्ट सॅक्रिफाइस डेक: सुऱ्या एकोणीस, बकरे बारा

प्रश्न: निखारा

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात कमांडर हा प्रकार खेळतो. ज्युरी, मास्टर ऑफ द रिव्ह्यू हा कमांडर (डेकचं मुख्य कार्ड) घेऊन काळा-लाल आर्टिफॅक्ट सॅक्रिफाइस डेक, म्हणजे आपल्याच वस्तूंचे (आर्टिफॅक्ट) बळी देऊन फायदा काढणारा कार्डांचा संच, बांधलाय आणि सलग सहा डाव हरलोय. हरण्याचं दुःख नाही. पण प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने हरतोय, त्याचा वैताग आलाय.

ज्युरी दोन मानांचा (माना म्हणजे कार्ड खेळायचं चलन), 1/1, म्हणजे मारायची ताकद (पॉवर) एक आणि सोसायची एक. आपण काहीही सॅक्रिफाइस केलं की त्याच्यावर एक +1/+1 काउंटर (दोन्ही आकडे एकाने वाढतात), आणि तो मेला की जितकी पॉवर तितकं डॅमेज हव्या त्या टार्गेटला. म्हटलं, रोज एक तरी बळी गेला पाहिजे, म्हणून सॅक आउटलेट (बळी द्यायची सोय करणारी कार्डं, म्हणजे सुऱ्या) ठासून भरले: आर्कबाउंड रॅव्हेजर, एटॉग, क्रार्क-क्लॅन आयर्नवर्क्स, अ‍ॅश्नॉड्स ऑल्टर, क्रार्क-क्लॅन शामन, ओनी-कल्ट अ‍ॅन्व्हिल, गॉब्लिन इंजिनिअर, असे एकूण 19. बळीवर फायदा देणारी 14: डिसायपल ऑफ द व्हॉल्ट, मेहेम डेव्हिल, मॅरिओनेट मास्टर, मर्कवुड बॅट्स वगैरे. रिमूव्हल (समोरच्याची कार्डं उडवणारी) 10, माना देणारे दगड 8, लँड (माना देणाऱ्या जमिनी) 36. उरलेल्या 12 जागांत बळी द्यायची स्वस्त आर्टिफॅक्ट, म्हणजे बकरे.

होतं असं की पाचव्या टर्नला माझ्यासमोर तीन आउटलेट, एक डिसायपल, आणि बळी द्यायला फक्त सोल रिंग, माझा माना देणारा दगड. ती देववत नाही.

परवाचा डाव तर डोक्यातून जात नाहीये. एकदाच काय ते बोर्ड नीट जमला होता: ज्युरी, एटॉग आणि सात आर्टिफॅक्ट. समोरच्याने ओव्हरलोड करून, म्हणजे माझ्या सगळ्याच आर्टिफॅक्टवर, व्हँडलब्लास्ट टाकला. मी "ठीक आहे" म्हटलं आणि सातही उचलून ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या कार्डांच्या ढिगात) ठेवले. ज्युरी तिथेच 1/1 उभा. घरी येऊन जेवताना ट्यूब पेटली.

काय काढू, काय घालू?

प्रतिसाद 1: गंजका_रोबो

त्या "ठीक आहे" बद्दल आधी. व्हँडलब्लास्ट स्टॅकवर (टाकलेला, पण अजून लागू न झालेला) असताना एटॉगला सातही खायला घालायचे होते. आर्टिफॅक्ट मरणारच होते, तुम्ही मारले असते तर ज्युरी 8/8 झाला असता. व्हँडलब्लास्टने "डिस्ट्रॉय" होतं, ते सॅक्रिफाइस नव्हे, म्हणून ज्युरीला त्याचं सोयरसुतक नाही. या डेकचा पहिला नियम: दुसऱ्याच्या हातून काही मरू द्यायचं नाही. आपली वस्तू आपण मोडायची.

आता आकडे. 19 आउटलेट बघून हसू आलं, कारण माझा पहिला डेक अस्साच होता. गंमत ही की तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आउटलेट तुमच्याकडे आहेत, तुम्ही ते मोजलेच नाहीत. ट्रेझर टोकन (दुसऱ्या कार्डाने तयार केलेली, स्वतः कार्ड नसलेली वस्तू) वापरायचं म्हणजे काय करायचं? टॅप करून (आडवं करून) सॅक्रिफाइस. क्लू टोकन? दोन माना आणि सॅक्रिफाइस. क्रोमॅटिक स्टार? एक माना, टॅप, सॅक्रिफाइस. हे बकरे आपली सुरी आपणच घेऊन येतात. एक ट्रेझर मोडून रिमूव्हल टाकलं की ज्युरीवर काउंटर चढला, डेव्हिलने एक डॅमेज मारलं, आणि वेगळ्या आउटलेटचं कार्ड कुठे लागलं? मग 19 कशाला हवेत? नऊ पुरे. त्यातले पाच-सहा फुकटात चालणारे असावेत, म्हणजे माना न मागणारे आणि टॅप न होणारे: आयर्नवर्क्स, रॅव्हेजर, एटॉग, शामन, ऑल्टर. अ‍ॅन्व्हिल टॅप होतो आणि इंजिनिअरला वर लाल मानाही लागतो, म्हणजे व्हँडलब्लास्टसारखी वेळ आली तर ते एकेकच वस्तू वाचवणार. अ‍ॅन्व्हिल तरी ठेवा, तो तुमच्या टर्नला बळीच्या बदल्यात नवा कन्स्ट्रक्ट (आर्टिफॅक्ट क्रीचरचं टोकन) देतो.

बकरे 12 वरून 27 वर न्या. आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे: प्रत्येक स्वस्त आर्टिफॅक्टने जाताना काहीतरी ठेवून गेलं पाहिजे. नुसतं मरणारं कार्ड या डेकमध्ये नको.

इकॉर वेलस्प्रिंग घ्या. दोन माना. येताना एक कार्ड, ग्रेव्हयार्डमध्ये जाताना एक कार्ड. आयर्नवर्क्स समोर असेल तर ते मोडून दोन माना परत. म्हणजे फुकटात दोन कार्ड आणि ज्युरीला एक काउंटर. मायकोसिंथ वेलस्प्रिंग तेच काम बेसिक लँडचं करते. एक्स्परिमेंटल सिंथेसायझर एका लाल मानाचा, येताना आणि जाताना वरचं कार्ड उघडून देतो, ते त्याच टर्नमध्ये खेळायचं. सॉलेम सिम्युलॅक्रम माहीतच असेल. हँगरबॅक वॉकर मेला की थॉप्टर (छोटी उडती आर्टिफॅक्ट क्रीचर टोकन) सोडून जातो, म्हणजे एका बकऱ्याचे चार.

क्रोमॅटिक स्टार आणि क्रोमॅटिक स्फिअर दोन्ही एका मानाची, दिसायला जुळी भावंडं. पण स्टारचा ड्रॉ ग्रेव्हयार्डमध्ये जाण्यावर आहे, मग मोडणारा कोणीही असो. स्फिअरचा ड्रॉ तिच्या स्वतःच्या क्षमतेचा भाग आहे. स्फिअर एटॉगला दिली तर कार्ड मिळत नाही. मी वर्षभर दोन्ही सारखीच समजून खेळत होतो आणि समोरचेही बिचारे मला कार्ड घेऊ देत होते.

आता 14 फायदेवाल्यांचं. डिसायपलवर माझा जीव आहे, तरी कमांडरमध्ये त्याच्याकडून फार आशा नको. 60 कार्डांच्या खेळात समोर एकच माणूस आणि 20 लाइफ. इथे तिघं, प्रत्येकी 40, म्हणजे 120. डिसायपल एका बळीला एकाच्याच खिशातून एक काढतो. मर्कवुड बॅट्स टोकन तयार झालं तरी सगळ्यांकडून एक आणि सॅक्रिफाइस झालं तरी सगळ्यांकडून एक घेतात. एक ट्रेझर आलं आणि गेलं की तिघांचे मिळून सहा. मॅरिओनेट मास्टर सहा मानांची आहे, महाग, पण फॅब्रिकेट घेताना (काउंटर किंवा सर्व्हो नावाची टोकन, यातलं एक निवडायचं) सर्व्होंचा मोह टाळा. तिन्ही काउंटर तिच्यावरच ठेवा. पॉवर 4 झाली की दर आर्टिफॅक्टमागे चार लाइफ, दहा आर्टिफॅक्ट म्हणजे एक माणूस घरी. असे नऊ चांगले निवडा, बाकीचे पाच काढा.

डिसायपलवर जीव का, तर 2004 साली डार्कस्टील हा कार्डसंच आला तेव्हा माझ्याकडे चार रॅव्हेजर आणि चार डिसायपल होते. त्या वेळचा स्टँडर्ड (फक्त नव्या कार्डसंचांचा खेळप्रकार) ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको: टेबलावर आर्टिफॅक्ट लँड, वर रॅव्हेजर, आणि समोरचा मनातल्या मनात बेरीज करतोय की हा सगळं खाऊन किती होईल. स्कलक्लॅम्पवर आधीच बंदी आली होती, तरी आम्ही थांबलो नाही. मग 20 मार्च 2005 पासून रॅव्हेजर, डिसायपल आणि आर्टिफॅक्ट लँड सगळीच स्टँडर्डमधून बाहेर. तो डेक मी अजून मोडलेला नाही. बाकी डेकमध्ये जगभराचं मोडतो, तो एक सोडून.

प्रतिसाद 2: उलटा_पत्ता

रोबोकाकांचं बहुतेक पटलं, पण डिसायपल काढायला सांगू नका. तो एका मानाचा आहे आणि कॉम्बोत (एकमेकांना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या कार्डांच्या जोडणीत) एकच पुरतो.

निखारा, तुझ्याकडे आयर्नवर्क्स आहेच. त्यात मिर रिट्रीव्हर, जंक डायव्हर आणि फाउंड्री इन्स्पेक्टर घाल. रिट्रीव्हर किंवा डायव्हर मेला की ग्रेव्हयार्डमधलं दुसरं एक आर्टिफॅक्ट हातात येतं. डायव्हर ग्रेव्हयार्डमध्ये असताना रिट्रीव्हर मोड: दोन माना मिळाले, डायव्हर हातात. इन्स्पेक्टरमुळे तो तीनऐवजी दोनला पडतो. तो मोड: पुन्हा दोन माना, रिट्रीव्हर हातात, तो एकाला पडतो. चार मिळाले, तीन गेले. प्रत्येक फेरीला एक माना शिल्लक आणि दोन बळी, हवं तितक्या वेळा. डिसायपल समोर असला की 120 काय, 500 पण काढ. आयर्नवर्क्स नसेल तर ऑल्टरवरही हेच चालतं, कारण दोघेही क्रीचर आहेत. इन्स्पेक्टर मात्र हवाच, त्याच्याशिवाय पाच जातात आणि चार येतात.

तुमच्या गटात अनंत कॉम्बो आवडत नसतील तर आधी विचारून घे. आणि नेटवरच्या जुन्या याद्यांत डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट दिसेल, तो उचलू नकोस. सप्टेंबर 2024 मध्ये कमांडरमध्ये त्याच्यावर बंदी आली.

निखारा

दोघांचेही आभार. स्फिअर माझ्याकडेही आहे आणि मीही कार्ड घेत होतो. 🙈

एक शंका. आयर्नवर्क्स असताना ट्रेझर टॅप करून एक माना घ्यायचा आणि मग तेच आयर्नवर्क्सला देऊन दोन, असे तीन मी घेत होतो. बरोबर ना?

प्रतिसाद 3: नियमावली_पान_शेवटचं

नाही हो. ट्रेझरचा माना हवा तर टॅप आणि सॅक्रिफाइस ही दोन्ही मिळून किंमत आहे. एक माना घेतला तेव्हाच ते गेलं. आयर्नवर्क्सला दिलं तर दोन रंगहीन माना, स्वतः मोडलं तर हव्या त्या रंगाचा एक. एकाच बकऱ्याचे दोन बळी होत नाहीत.

आता आलोच आहे तर एक महत्त्वाचं, जे वर कोणी बोललं नाही. तुमच्या फायदेवाल्या कार्डांवरचे शब्द नीट वाचा. दोन जाती आहेत. ज्युरी, मेहेम डेव्हिल आणि बॅट्स "सॅक्रिफाइस" या क्रियेकडे बघतात. डिसायपल, मॅरिओनेट मास्टर, स्टार आणि वेलस्प्रिंग हे वस्तू ग्रेव्हयार्डमध्ये पोचली का, ते बघतात. एरवी फरक जाणवत नाही. कोणी रेस्ट इन पीस टाकला की जाणवतो. तो कार्ड आणि टोकन दोन्ही ग्रेव्हयार्डऐवजी एक्झाइलमध्ये, म्हणजे खेळाबाहेर, पाठवतो. मग डिसायपल गप्प, स्टार कार्ड देत नाही, उलटा_पत्ता यांचा कॉम्बो बंद, आणि डेव्हिल मात्र मजेत चालू. ज्युरीवर काउंटर चढत राहतील, पण तो स्वतः मरणार नाही, एक्झाइल होईल, म्हणून शेवटचं डॅमेज विसरा.

लेलाइन ऑफ द व्हॉइड वेगळी. तिच्यावर फक्त "कार्ड" लिहिलंय. टोकन हे कार्ड नाही. त्यामुळे समोरच्याची लेलाइन असली तरी तुमचं ट्रेझर ग्रेव्हयार्डमध्ये जातं, डिसायपल ट्रिगर होतो (आपोआप चालतो), आणि मग टोकन नाहीसं होतं. यावरून मी टेबलावर दोनदा भांडलोय, दोन्ही वेळा जिंकलोय, आणि दोन्ही वेळा पुढच्या डावात सगळ्यांनी मिळून मला आधी मारलं.

स्टोनी सायलेन्स किंवा कलेक्टर ऊफ आला तर आर्टिफॅक्टच्या सगळ्या अ‍ॅक्टिव्हेटेड क्षमता (किंमत देऊन वापरायच्या) बंद. आयर्नवर्क्स, ऑल्टर, रॅव्हेजर, अगदी ट्रेझरचा मानासुद्धा. म्हणून त्या नऊ आउटलेटमध्ये तीन तरी आर्टिफॅक्ट नसलेले ठेवा. एटॉग आणि शामन आहेतच, पिया अँड किरण नलार घाला. ते येताना दोन थॉप्टरही आणतात.

गंजका_रोबो

रेस्ट इन पीसचं बरोबर, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी सुचवलेले बरेच बकरे त्याच्यासमोर मुके होतात. नऊ फायदेवाल्यांत "सॅक्रिफाइस" लिहिलेले पाच तरी असू द्या.

डिसायपलबद्दल उलटा_पत्ता यांच्याशी भांडण नाही. कॉम्बो घालणार असाल तर ठेवा, नाहीतर मला वाईट वाटेल पण काढा.

निखारा

काल रात्री डेक जमिनीवर पसरून बसलो. आउटलेट 19 वरून 9, फायदेवाले 14 वरून 9, सुटलेल्या 15 जागा बकऱ्यांना. लँड सोडून बेरीज 63 जुळली.

कॉम्बो सध्या नाही घातला, आमच्यातला एक जण त्यावर डाव सोडून उठतो. डिसायपल ठेवलाय. कारण विचारू नका.

आज दोन डाव झाले. पहिला हरलो, लँडच आले नाहीत, त्यात डेकचा दोष नाही. दुसऱ्यात परत तोच व्हँडलब्लास्ट, तोच माणूस. या वेळी समोर एटॉग नव्हता, रॅव्हेजर होता. म्हटलं थांब, आणि नऊ आर्टिफॅक्ट एकेक करून मोडले. बॅट्स टेबलावर होत्या, त्यातली पाच ट्रेझर होती. शेवटी रॅव्हेजरलाही स्वतःचाच बळी दिला, म्हणजे ज्युरी 11/11, आणि मॉड्युलरचे (रॅव्हेजर मेल्यावर दुसऱ्या आर्टिफॅक्ट क्रीचरवर जाणारे) काउंटर ठेवायला एकही आर्टिफॅक्ट क्रीचर उरला नव्हता. ते वाया गेले. त्या नऊतला थॉप्टर आधी मोडायला नको होता का? की मॉड्युलरचा ट्रिगर त्याच्यावर लावून व्हँडलब्लास्टमध्ये तो गेलाच असता?

नियमावली_पान_शेवटचं

गेलाच असता. थॉप्टर हे आर्टिफॅक्टच आहे, आणि तो मोडला नसता तर ज्युरी 10/10 वर थांबला असता. बरोबर खेळलात. मग 11/11 ज्युरीचं काय झालं?

निखारा

सगळे आर्टिफॅक्ट त्याच फेरीत मोडून बसलो होतो ना. ज्युरीला मोडायला आउटलेटच उरला नव्हता.

मग समोरच्यानेच ज्युरीला मारला. अकरा डॅमेज मी त्या समोरच्यालाच दिलं. त्याचं लाइफ नऊ होतं.