समुद्र म्हटलं की तुम्हाला आधी काय आठवतं?

हर्णैकर_नागपुरात:
काल आत्याकडून सोडे आले, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. पुडा फोडला नि हॉलभर बंदर! बायकोने लगेच उदबत्ती लावली, मी मात्र पुडा नाकाशी धरून बसलो. आमचं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी मासळीच्या लिलावाची ओरड. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज असे गंजायचे की हात लावला की तांबडी पूड. मिठाच्या बरणीत कायम पाणी. आणि रात्रभर गाज. नागपुरात आलो तेव्हा पहिले काही महिने झोपच लागेना, एवढी शांतता. अजूनही डिसेंबरात पंखा लावतो, आवाजासाठी. तुमचं सांगा. नाक, कान, जीभ, काहीही चालेल.

सुगरणबाई:
सोडे काय भावाने? इथे ठाण्यात दीड हजाराच्या खाली कोणी बोलत नाही.

उभा_प्रवासी:
लाट परतताना टाचेखालची वाळू ओढून नेते ते. बस. सध्या विरार लोकलमध्ये आहे, त्यामुळे वासाबद्दल न बोललेलं बरं.

वऱ्हाडी_ठेचा:
मी 26 वर्षांचा होईस्तोवर समुद्र फोटोतच. मग बाबांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. बाबांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थू थू केलं अन् म्हणाले, "एवढं पाणी, अन् वावराले एक थेंब कामाचा नाही!" मग चपला हातात धरून तासभर तिथंच बसले. निघताना बाटली भरून घेतली, आईले चाखवाले.

सुगरणबाई:
@वऱ्हाडी, आईंनी चाखलं का?

वऱ्हाडी_ठेचा:
हो. म्हणे, भाजीत घालू का?

सुगरणबाई:
😂😂

तिथीवाले_काका:
लोक पुळणीवर गाडी घालतात, मग बोंबलतात. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. आजोबा पंचांग बघूनच कालवं काढायला निघायचे, मी मागे डबा घेऊन. खडकावरच्या कालवांची धार ब्लेडसारखी. बोट कापलं की त्यावर खारं पाणी. ती झोंब आत्ता लिहितानाही जाणवतेय.

मी_पण_लिहिते:
लेक झोपलीय तोवर पटकन. देवगड, रात्र, वीज गेलेली. लाट फुटली की निळी! ओल्या वाळूत पाय घासला तर पावलाभोवती निळ्या ठिणग्या. मी भूत भूत करत पळाले. नंतर कळलं, नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्मजीव असतो, पाणी हललं की उजळतो. पण ओटीवर बसून पाय पुसताना जे वाटलं ना... उठली. नंतर लिहिते.

थंडगार_ब्रायटन:
इथे इंग्लंडात किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटेच. लाट मागे सरते तेव्हा रोवळीत तांदूळ धुतल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपला समुद्र नाही, आईच आठवली. पाण्यात मात्र पाय घालवत नाही, हाडं गोठतात.

हर्णैकर_नागपुरात:
@सुगरणबाई भाव आत्यालाच ठाऊक. भिजत घातलेत. वांग्यात घालू की खिचडी?

सुगरणबाई:
खिचडी! वर ओलं खोबरं विसरू नका.

तिथीवाले_काका:
आज संकष्टी आहे.

हर्णैकर_नागपुरात:
काका, तुम्ही भरतीचं बघा.